चिंचोक्याच्या रंगाची खोली

आमच्या फ्लॅटमधली मागची खोली मी चिंचोक्याच्या रंगाची करून घेतली, त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले. चॉकलेटी म्हणता येणार नाही तिला, काळी तर नाहीच नाही. चिंच चोखून झाल्यावर तोंडातला चिंचोका हातावर काढला की पहिल्या क्षणाला जसा दिसतो ना, ओला, तांबूस, आत कुठेतरी लाल आणि कडेला जवळजवळ काळा, तो रंग. लहानपणी आम्ही चिंचोके दगडावर घासून एकमेकांना चटके द्यायचो, आणि मधोमध फोडलेले चिंचोके सारीपाटाला लागायचे, एक बाजू पांढरी आणि एक बाजू ही अशी, त्यामुळे हा रंग डोळ्यांच्या आधी माझ्या बोटांना माहीत होता असं मला खरंच वाटतं.

खोली अशी खास काही नाहीये. कोथरूडमधल्या टू बीएचकेची मागची खोली, दहा बाय अकरा, पश्चिमेला एक खिडकी. घर घेतल्यापासून सगळीकडे ऑफव्हाइट, बिल्डरने दिला तोच, आणि रंगकाम काढायची वेळ आली की परत तोच, कारण ऑफव्हाइटला कोणी नावं ठेवत नाही आणि खोली मोठी वाटते. लॉकडाऊनमधे त्याच खोलीत टेबल लावून रोज नऊ-दहा तास काम करायला लागले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की समोर स्क्रीन पांढरी, मागे भिंत पांढरी, वर ट्यूबलाइट पांढरी, संध्याकाळी डोळे मिटले तरी आत पांढरंच. डोळ्यांना टेकायला जागाच नव्हती त्या खोलीत.

पण हा रंग सुचला तो तिथे नाही. तो सुचला गावाला.

आमचं गावचं घर वाईच्या अलीकडे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कौलारू, पुढे सोपा, मधे माजघर, त्याला लागून चुलीची खोली. २०२१ च्या उन्हाळ्यात ते घर उतरवलं, भिंती फुगायला लागल्या होत्या आणि काकांना तिथे स्लॅबचं घर बांधायचं होतं. मी मुद्दाम गेले होते. आधी कौलं उतरली, मग रिपा, मग वासे, आणि सकाळी अकराच्या सुमाराला त्या माजघरात वरून सरळ ऊन पडलं. त्या खोलीने शंभर वर्षांत इतका उजेड कधी पाहिला नसेल. ज्या भिंती मी जन्मभर काळ्या समजत होते त्या काळ्या नव्हत्याच. खाली गेरूचा पट्टा, वर कधीतरी दिलेला चुना, आणि त्या सगळ्यावर लाकडाच्या धुराचा थर बसून बसून एक खोल तांबूस तपकिरी रंग झालेला, मधेच चकाकणारा, कारण धुराचा चीक भिंतीला लागून वाळला की त्याला वार्निशासारखी झिलई येते. मी बराच वेळ तिथेच उभी होते. दुपारपर्यंत भिंत पडली.

माजघर म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की पहिली दोन मिनिटं काही म्हणजे काही दिसायचं नाही, मग हळूहळू कोपऱ्यातली उतरंड दिसायची, मग पितळी हंड्याची नुसती कड, मग कणगी, आणि मग कळायचं की आजी मगाचपासून तिथेच बसून तांदूळ निवडतेय. मे महिन्यात गारवा तिथेच. आजारी माणूस तिथे, बाळंतीण तिथे, घरातलं रडणं आणि कुजबुजणंही तिथेच. माझ्यासाठी ती जगातली सगळ्यात सुरक्षित जागा होती. सुट्टीत दुपारी आजीच्या शेजारी गोधडीवर पडायचं आणि अंधार अंगावर घ्यायचा.

आईला मात्र हे सांगायची सोय नाही. मी फोनवर म्हटलं, "आई, मागच्या खोलीला माजघरासारखा रंग देणार आहे," तर ती आधी गप्पच झाली आणि मग म्हणाली, "माझी निम्मी उमर त्या अंधारात भाकरी थापण्यात गेली, आणि तू पैसे देऊन अंधार लावून घेतेस भिंतीला?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण तिचं खरंच होतं. १९७८ साली लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा माजघरात एक चाळीसचा बल्ब होता, आणि तोही उगाच लावायचा नाही. धुराने डोळे चुरचुरायचे, तांदळातला खडा दिसायचा नाही. तिने आबांकडे एकच गोष्ट मागितली होती, एक काचेचं कौल. साधं कौल काढून त्या जागी काचेचं बसवायचं, एवढंच काम, पण ते व्हायला आठ वर्षं गेली. कधी पावसाळा तोंडावर आला म्हणून, कधी कौलं शाकारायला माणूस मिळाला नाही म्हणून, आणि खरं कारण हे की माजघरातल्या बाईला उजेड कशाला हवा असा प्रश्न कोणाला पडलाच नाही. शेवटी बसवलं. मग त्यातून उन्हाचा एक हातभर चौकोन खाली यायचा आणि दिवसभर सरकत राहायचा, सकाळी उतरंडीवर, बारा वाजता जात्याजवळ, चारला उंबऱ्यापाशी. घड्याळ सोप्यात होतं. आई वेळ बघायची ती त्या चौकोनावर.

म्हणून मी दोन महिने विषयच काढला नाही. मला माजघर हवं होतं ते सुट्टीला येणाऱ्या नातीचं, आणि आईला आठवत होतं ते सुनेचं. आपल्याकडे उजेडाचं एवढं कौतुक का आहे हे मला त्या दोन महिन्यांत जरा कळलं. ज्यांनी कंदील पुसले, काजळी खरवडली, त्यांनी वीज आल्यावर घरात पांढरी लखलखीत ट्यूब लावली यात नवल काय, ती ट्यूब म्हणजे त्यांची सुटका होती. त्यांना कोणी गडद भिंतीची हौस शिकवू नये.

तरीपण रंग डोक्यातून जाईना.

शेवटी दिवाळीच्या आधी रंगाच्या दुकानात गेले, रुमालात चार चिंचोके बांधून. दुकानात रंग वाचायचं मशीन असतं, त्यावर वस्तू ठेवली की ते जुळणारी शेड सांगतं, पण त्याला सपाट आणि जरा मोठा पृष्ठभाग लागतो, चिंचोका पडला गोल आणि चकचकीत, त्यामुळे ते दर वेळी वेगळंच काहीतरी सांगायला लागलं. मग काउंटरवरच्या मुलाने शेडकार्ड उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि आम्ही दोघं दारात, दिवसाच्या उजेडात, चिंचोका एकेका चौकोनावर ठेवून बघत बसलो.

शेडकार्डावरची नावं सगळी कॉफी नाहीतर चॉकलेट नाहीतर महोगनी. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात केवढी नावं आहेत, अंजिरी, डाळिंबी, वांगी, चिंतामणी, गुलबक्षी, आणि भिंतीला मात्र एक नाही. (इंग्लंडच्या फॅरो अँड बॉल कंपनीच्या कार्डावर ब्रिंजल नावाचा रंग आहे, म्हणजे आपलं वांगं तिकडे भिंतीवर जाऊन बसलं.) आणि अजून एक जाणवलं. पांढराशुभ्र, काळाकुट्ट, लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, निळाशार, या सगळ्या रंगांना मराठीने एकेक जोडीदार दिलाय, तपकिरीला नाही दिला. तपकिरी शब्द तरी तपकिरीच्या डबीतूनच आलेला. इतका रोजचा रंग, माती, लाकूड, गूळ, भाजलेला रवा, आणि त्याच्यासाठी जोराने उच्चारावा असा एक शब्द नाही याचं मला वाईट वाटतं.

भिंतीसाठी हा रंग नवा आहे असं आपण समजतो पण तसं नाहीये. मशीन डब्यात जे थेंब टाकत होतं ते लाल ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड आणि काळा. लाल आणि पिवळा ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंजच एक प्रकारे, आणि गेरू तरी दुसरं काय. तळकोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर काव वापरून जी नक्षी करतात, पांढऱ्या चुन्यावर लाल-तपकिरी थर देऊन तो ओला असताना कोरून खालचा पांढरा बाहेर काढतात, त्यातही तोच रंग. वारल्यांची चित्रं तांदळाच्या पिठाने उठून दिसतात ती गेरूच्या किंवा मातीच्या गडद भिंतीवर. जुन्या घरातला लाल कोबा आठवा, पाय टेकले की गार वाटणारा. पायाखाली आपल्याला हा रंग नेहमीच चालला, डोळ्यासमोर आला की मग घाबरायला होतं.

रंगकामाला जे मामा आले ते सोलापूरकडचे, तीस वर्षं हेच काम करतायत. शेड बघून म्हणाले, "ताई, एक भिंत करू की हायलाइट, बाकी तीन क्रीम." सगळे हेच म्हणतात. मी स्वतः ड्रॉइंगच्या मोठ्या कागदांवर चार शेड रंगवून आठवडाभर भिंतीला चिकटवून ठेवल्या होत्या, सकाळी बघायचे, चारला बघायचे, रात्री दिवा लावून बघायचे. त्यातली एक दिवसा छान होती आणि रात्री वाइनसारखी जांभळी झाली, एक ट्यूबखाली चक्क हिरवट दिसली. त्यामुळे रंग घेण्याआधी कागद चिकटवा, नुसत्या कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विसंबू नका, हे मी ज्याला त्याला सांगत असते. आणि त्या आठवड्यात हेही कळलं की हा रंग एका भिंतीवर लावला तर तो तीन पांढऱ्या भिंतींशी दिवसभर भांडत राहतो, डोळा सारखा तिथे ओढला जातो. मला विसावा हवा होता. मी म्हटलं चारही भिंती.

मामांनी मान डोलावली आणि कामाला लागले. "गडद रंगाला लांबी लई नीट लागती ताई, खड्डा ऱ्हायला की दिसतोच." लांबी म्हणजे भिंतीचे खड्डे बुजवायची पुट्टी. ती भरून, वाळवून, पॉलिश पेपरने घासून झाल्यावर त्यांनी एक काम केलं जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, लांब वायरचा एक बल्ब भिंतीला अगदी चिकटून आडवा धरला आणि हळूहळू सरकवत नेला. आडव्या उजेडात भिंतीवरचा एकेक उंचवटा, ब्रशचं एकेक केस दिसत होतं. जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलीने गोल करायचे आणि परत लांबीचा हात. दोन दिवस हेच चाललं होतं.

पहिला हात मारला तेव्हा मी घाबरले, खोटं कशाला बोलू. सगळीकडे रोलरचे पट्टे आणि मधून पांढरं डोकावतंय. याचं कारण नंतर समजलं. हलक्या रंगाच्या डब्यात टायटॅनियमची पांढरी पावडर भरपूर असते आणि खालचं झाकायचं काम तीच करते. गडद शेडचा बेस वेगळा येतो, त्यात ती पावडर फारच कमी, आणि मशीनमधून रंग टाकायला डबाही थोडा रिकामा ठेवलेला असतो. म्हणून असा रंग झाकायला वेळ घेतो. आमच्याकडे चार हात लागले. प्रायमरमधेच थोडा गडद रंग मिसळून घेतला असता तर एक हात वाचला असता, पण हे शहाणपण पुढच्या वर्षी आलं. फिनिश मॅटच घेतलं, कारण चमक असली की लांबीतला प्रत्येक दोष दिवसभर ओरडत बसतो, मात्र मॅटवर हात घासला गेला की पांढुरकी रेघ उठते, त्यामुळे खुर्ची भिंतीपासून वीतभर लांब ठेवायची सवय लावून घेतलीय.

छत आधी पांढरंच ठेवलं होतं. चार दिवस राहून बघितलं आणि वाटत राहिलं की आपण डब्यात बसलोय आणि वरून कोणीतरी पांढरं झाकण लावलंय. मामांना परत बोलावलं, छतही तेच करून घेतलं, दाराची चौकटही. आणि मग जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, कोपरे विरघळले. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते पटकन कळेनासं झालं आणि दहा बाय अकराची खोली मोजता येईनाशी झाली. पांढऱ्या रंगाने खोली मोठी वाटते हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, पण पांढऱ्या रंगात प्रत्येक कोपरा स्पष्ट दिसतो आणि खोली केवढी आहे ते तो बरोबर सांगतो. मग डोळ्यात खुपायला लागले स्विचबोर्ड, गडद भिंतीवर दोन पांढरे दात असावेत तसे. त्यांच्या प्लेट बदलल्या.

उजेडाचं गणित पूर्ण बदलतं हे मात्र आधी समजून घ्यायला हवं. रंग कंपन्या प्रत्येक शेडला एक आकडा देतात, पडलेल्या उजेडातला किती टक्के भिंत परत करते त्याचा. पांढऱ्याचा ८० च्या वर असतो, माझ्या शेडचा ६. म्हणजे पांढऱ्या खोलीत उजेड भिंतीवरून भिंतीवर चेंडूसारखा आपटत राहतो, म्हणून एका ट्यूबवर भागतं. या खोलीत तो एकदाच पडतो आणि मुरतो. इथे वरची ट्यूब लावली तर भिंती शिळ्या चहासारख्या दिसतात आणि काम करायला उजेडही पुरत नाही. ट्यूब बहुतेक ६५०० केल्विनची असते, निळसर पांढरी, आणि या रंगातला तांबूसपणा त्या उजेडात मरून जातो. मी २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, तीन छोटे दिवे लावले, एक टेबलावर, एक पुस्तकांच्या फळीवर, एक जमिनीजवळ कोपऱ्यात. दिवा लागला की भिंतीचा तेवढाच भाग उजळतो, आणि तिथे ती मरून रंगाची, जवळजवळ लाल दिसते.

आणि वस्तू. आजीचा पितळी गडवा इतकी वर्षं हॉलमधे शोकेसमधे होता, कोणाचं लक्ष जायचं नाही. तो इथे फळीवर ठेवला आणि संध्याकाळी त्याची फक्त कड दिसली, एक पिवळी रेघ, अगदी माजघरातल्या हंड्यासारखी. मी खाली बसून बघत राहिले. पितळ, तांबं, समई, जुन्या पुस्तकांचे कणे, माणसांचे चेहरेसुद्धा, या भिंतीपुढे ते आतून उजळल्यासारखे दिसतात. सावंतवाडीचे चित्रकार हळदणकर, त्यांचं ते दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधे आहे, ज्योतीवर हात धरलेला आणि बोटांमधून उजेड पाझरतोय. त्या ज्योतीला तेज आलंय ते भोवतालच्या गडद सावलीमुळे. हे मी चित्र म्हणून कितीदा पाहिलं होतं, घरात समई लावून बसल्यावर ते कळलं.

लोक बोलायचं ते बोलले. डास बसले तर दिसणार नाहीत, हे अगदी खरंय, डासांना गडद जागा आवडतात, खिडकीला जाळी हवीच. उन्हाळ्यात तापेल म्हणाले, तर तसं काही झालं नाही, ताप वाढतो तो बाहेरच्या भिंतीच्या रंगाने. काळा रंग घरात शुभ नसतो म्हणून शेजारच्या काकू दारातूनच परत गेल्या. मी त्यांना संक्रांतीला बोलावलं, त्या दिवशी त्याही काळी चंद्रकळा नेसून आल्या, तिळगूळ दिला आणि खोलीत दहा मिनिटं बसल्या. नंतर काही बोलल्या नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात मात्र खरा धक्का बसला. खिडकीखालच्या भिंतीवर एका सकाळी पीठ सांडल्यासारखं पांढरं दिसलं, बोट लावलं तर खारट. बाहेरच्या प्लास्टरला तडा होता, तिथून पाणी आत येऊन भिंतीतला क्षार बाहेर फुटत होता. ऑफव्हाइटवर हे मला दोन वर्षं दिसलंही नसतं, इथे एका रात्रीत दिसलं, त्यामुळे रंगाला दोष देता येत नाही, त्याने वेळेवर सांगितलं. पण जीव खूप तुटला. पाऊस संपेपर्यंत काही करता येईना, नुसतं ब्रशने झाडत राहायचं. दिवाळीनंतर बाहेरून तडा भरला, आतलं खरवडलं, पूर्ण वाळू दिलं. मॅट गडद रंगावर नुसता डागापुरता हात मारला तर ठिगळ दिसतं, आणि नवीन डबा आणला की शेड केसभर का होईना वेगळी येते, म्हणून मामांनी जुना उरलेला आणि नवीन रंग एका बादलीत एकत्र करून अख्खी भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकदम केली. प्रायमर या वेळी गडद करून घेतला होता.

आई आली ती त्यानंतर, जानेवारीत, महिनाभर राहायला. मी तिची सोय मुलीच्या खोलीत केली होती, पांढऱ्या. पहिले आठ दिवस ती मागच्या खोलीत पाऊलही टाकत नव्हती. मग एकदा दुपारी हॉलमधे टीव्ही चालू होता आणि तिचं डोकं दुखत होतं, तर मी म्हटलं आत पड जरा. ती पडली. मी तासाभराने चहा घेऊन गेले तेव्हा ती जागी होती, भिंतीकडे तोंड करून. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक तुकडा भिंतीवर आला होता आणि तेवढी भिंत ओल्या चिंचोक्यासारखी झाली होती.

"चार वाजून गेले का गं?" तिने विचारलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतर ती रोज दुपारी तिथेच बसायला लागली, गोधडी शिवत. मला फार बरं वाटलं, पण तिला खोली आवडली असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. जायच्या चार दिवस आधी एवढंच म्हणाली, "इथे माझ्या उजव्या हाताला अजून एक दिवा लाव बाई, सुई ओवताना दिसत नाही." मी त्याच संध्याकाळी जाऊन आणला, मान वाकवता येणारा, तिला हवा तिथे उजेड पाडणारा. तो अजून तिथेच आहे, तिच्या खुर्चीच्या उजवीकडे.